लाल ट्रे

एप्रिल २०१८ मध्ये मी आमच्या शॉपच्या भिंतीवर एक नोटीस लावली. 'मशिनिंगमध्ये बिघडलेल्या प्रत्येक कास्टिंगची निम्मी किंमत संबंधित ऑपरेटरच्या पगारातून कापली जाईल.' खाली माझी सही. त्या महिन्यात रिजेक्शन, म्हणजे महिन्याला बाद होणाऱ्या पिसांचा आकडा, एकदम उतरलं. पस्तिशीच्या आसपास असायचं ते नवावर आलं. मी घरी जाऊन वडिलांना, अण्णांना, आकडा सांगितला. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. उरलेले पीस कुठं जात होते, ते मला चार महिन्यांनी कळलं.

आमचं शॉप कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे. पाच सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे लेथ, दोन व्हीएमसी, म्हणजे उभी मिलिंग मशिनं, एक रेडियल ड्रिल आणि अण्णांनी १९८७ साली उद्यमनगरात ज्याच्यावर धंदा सुरू केला तो जुना लेथ. माणसं सोळा. फाउंड्रीकडून बिडाची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, येतात. आम्ही ती मशिनिंग करून, म्हणजे मशीनवर कापून मापात आणून, परत पाठवतो. माल त्यांचा, मजुरी आमची. जानेवारी २०१८ मध्ये अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. मी तेव्हा एका पतसंस्थेत हिशेब बघत होते. दोन मशिनवर बँकेचं कर्ज, घरात दुसरं कुणी धंदा बघणारं नाही. राजीनामा दिला आणि फेब्रुवारीत अण्णांच्या खुर्चीत बसले.

या धंद्याचं गणित आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय मी अशी का वागले ते कळणार नाही. आमचं मुख्य काम म्हणजे पंपाचं बेअरिंग हाउसिंग, ज्यात बेअरिंग बसतं तो भाग. एका पीसची मजुरी ४२ रुपये. कास्टिंगची किंमत ५२० रुपये. पीस आमच्या हातून बिघडला तर फाउंड्री ५२० ची डेबिट नोट, म्हणजे भरपाईचं बिल, लावते. म्हणजे एक पीस गेला की पुढच्या बारा-तेरा पीसची मजुरी त्याच्या मागं जाते, आणि त्या मजुरीतूनच पगार, वीज, हप्ता सगळं भागवायचं असतं. मी आले तेव्हा मागच्या तीन महिन्यांच्या या एकाच जॉबच्या डेबिट नोटा ५४,६०० रुपयांच्या होत्या. तो आकडा बघून मला रात्री झोप लागेना.

मशीन मला कळत नव्हतं, म्हणून जे कळत होतं ते मी मोजायला लागले. कॅमेरे लावले. आल्या-गेल्याची वेळ पाच मिनिटांच्या हिशेबानं लिहायला लागले. महिनाभर एकही रजा न घेणाऱ्याला हजेरी बक्षीस ठेवलं. आणि इन्सर्टचं ड्रॉवर कुलपात घातलं.

हे इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचे कार्बाइडचे छोटे तुकडे. कापण्याचं खरं काम तेच करतात. एक धार झिजली की फिरवून दुसरी लावायची, सगळ्या धारा संपल्या की नवा घ्यायचा. अण्णांच्या काळात ते उघड्या ड्रॉवरमध्ये पडलेले असायचे, ज्याला लागेल तो घ्यायचा. मला ती उधळपट्टी वाटली. जुना दाखवा, नवा घ्या, असा नियम केला. किल्ली माझ्याकडं. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा. मी सहाला घरी जायचे. साडेआठला दुसऱ्या पाळीतल्या माणसाची धार संपली तर त्यानं काय करायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पाच वाजता फाउंड्रीचे क्वालिटीचे साहेब आले. मागून टेम्पो. त्यात आमचेच सहाशे पीस. पंप कंपनीच्या असेंब्लीत बेअरिंग सैल बसतंय म्हणून अख्खा लॉट परत आला होता. "उद्या दहाच्या आत सगळे तपासून द्या. नाही जमलं तर मला काम दुसरीकडं टाकावं लागेल." ते रागावले नव्हते, ठरवून आले होते.

आमचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं गोल भोक, ७२ मिलिमीटरचा. वरची सवलत ३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढीही नाही. तपासायला गो-नोगो गेज असतो. गोचं टोक बोअरमध्ये गेलं पाहिजे, नोगोचं जाता कामा नये. नोगो आत गेला की बोअर वाढला. लहान राहिलेला बोअर पुन्हा मशीनवर धरून वाढवता येतो. वाढलेला कमी करता येत नाही, तो पीस भंगार.

दुसऱ्या पाळीचे सहा जण होते. मी पहिल्या पाळीच्या लोकांना फोन करायला लागले, तर आमचे मेस्त्री आधीच गाडी वळवून परत आलेले. मेस्त्री अण्णांबरोबर उद्यमनगरपासून आहेत. त्यांनी कुणाला काही न विचारता पाच जण गोळा केले. मी ऑफिसात बसून काय करणार होते? "मला पण एक गेज द्या," म्हटलं. मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, एक स्टूल ओढून दिलं आणि म्हणाले, "ताई, जोर लावायचा न्हाई. गेज आपणहून गेला तरच गेला म्हणायचं."

बाहेर पाऊस कोसळत होता. पत्र्यावर एवढा आवाज, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आम्ही तेरा माणसं लाकडी फळ्यांवर पीस मांडून एकेक तपासत होतो. पहिल्या शंभरानंतर माझं मनगट भरून आलं. हे लोक रोज आठ तास काय उचलतात, हे मी सहा महिन्यांत पहिल्यांदा हातानं समजून घेत होते. साडेसहा किलोचा एक पीस.

रात्री दोन वाजता चहा केला. तोवर एकतीस पीस बाजूला निघाले होते. चहा पिताना दुसऱ्या पाळीतला एक ऑपरेटर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वय असेल अठ्ठावीस. हातातला कप थरथरत होता.

"ताई, ह्यातलं चार-पाच तरी माझं हाईत. मला तवाच कळलं हुतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दोनशे साठ रुपये गेलं असतं. एका पिसाचं. आणि त्यो नुसता माझा दोष न्हवता."

कुणीच काही बोललं नाही. मग दुसरा एक जण उठला, शेडच्या मागं गेला आणि बिडाच्या चुऱ्याच्या ढिगातून हातानं उकरून एक पीस घेऊन आला. मग आणखी एक. सकाळपर्यंत त्या ढिगातून एकोणीस पीस निघाले. भंगारवाल्याच्या गाडीत चुऱ्याबरोबर गुपचूप जायचे असे. चलनावर आलेल्या आणि गेलेल्या मालाचे आकडे जुळत नाहीत, हे माझ्या लक्षात येत होतं. मी ते फाउंड्रीच्या मोजणीतली चूक समजत होते.

सहाशेत एक्केचाळीस पीस वाढीव निघाले. साडेनऊला माल परत गेला. काम राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना ऑफिसात बोलावलं नाही, मीच त्यांच्या मशीनपाशी गेले आणि विचारलं, हे घडतं कसं? त्यांनी मला जे सांगितलं ते मी आज कुणालाही झोपेत सांगेन.

बोअर करताना धार झिजत जाते, तसा बोअर लहान होत जातो. मग ऑपरेटर मशीनमध्ये ऑफसेट देतो, म्हणजे टूलला काही मायक्रॉन जास्त सरकायला सांगतो. झीज वाढेल तसा ऑफसेट वाढतो. धार बदलली की तो ऑफसेट शून्य करायचा, नाहीतर नवी तीक्ष्ण धार तेवढंच जास्त कापते आणि पहिलाच पीस वाढतो. दुसऱ्या पाळीला इन्सर्ट मिळत नव्हते, कारण किल्ली माझ्या पर्समध्ये. ते झिजलेल्या धारेवरच ऑफसेट देत देत बारा वाजवायचे. सकाळी पहिल्या पाळीचा माणूस येऊन माझ्याकडून नवा इन्सर्ट घ्यायचा आणि लावायचा. रात्री किती ऑफसेट दिला होता, हे त्याला ठाऊक नसायचं. पूर्वी साडेतीनला पाळी बदलताना दोघं मशीनपाशी पाच मिनिटं बोलायचे. माझ्या नोटिशीनंतर ते बोलणं बंद झालं होतं. कारण जो बोलेल त्याच्या नावावर पीस. रात्रीचा म्हणायचा सकाळच्यानं बिघडवला, सकाळचा म्हणायचा रात्रीच्यानं. दोघंही खरं बोलत होते.

म्हणजे कुलूप माझं, नोटीस माझी, आणि पगार कापला जात होता त्यांचा. पगारातून नुकसान कापायचं तर कामगाराला आधी आपली बाजू मांडू द्यावी लागते, असं तेव्हाच्या १९३६ च्या वेतन कायद्यातच होतं. हिशेबाचं शिक्षण घेतलेल्या मला ते ठाऊक असायला हवं होतं.

घरी जाऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांना एक वाक्य पुरं करायला तेव्हा मिनिट लागायचं. त्यांनी डाव्या हातानं ड्रॉवर उघडल्यासारखी खूण केली. "उघडं... ठेव." एवढंच.

अण्णा सगळ्या बाबतीत बरोबर होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काळात पगाराची चिठ्ठी मिळायची नाही, उचल एका डायरीत लिहिलेली असायची आणि ती डायरी फक्त त्यांना वाचता यायची. पगार दहाला होईल किंवा पंधराला. जवळच्या माणसाला दोन हजार जास्त आणि तेवढंच काम करणाऱ्या दुसऱ्याला कमी, असंही होतं. लोक त्यांना भीत नसत, पण त्यांना काही विचारतही नसत. मला दोन्ही गोष्टी बदलायच्या होत्या.

त्या वर्षी खंडेनवमी ऑक्टोबरमध्ये होती. आमच्याकडं मशिनची पूजा त्या दिवशी होते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मशिनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, सगळ्यांची घरची मंडळी येतात. पूजेच्या आदल्या दिवशी मी चार महिन्यांत कापलेले सगळे पैसे काढले. एकतीस पीस, ८,०६० रुपये. ज्याचे त्याचे पाकिटात घालून हातात दिले आणि नोटीस सगळ्यांसमोर काढली. भाषण करायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "माझी चूक झाली," एवढंच म्हटलं. इन्सर्टचं ड्रॉवर उघडं करून मेस्त्रींच्या मशीनशेजारी ठेवलं.

मग प्रत्येक मशीनजवळ एक लाल प्लास्टिकचा ट्रे ठेवला. बिघडलेला पीस त्यात टाकायचा, त्यावर खडूनं कारण लिहायचं. नाव लिहायचं नाही. कुणी बिघडवला, हे विचारायचं नाही. का बिघडला, एवढंच विचारायचं. रोज सकाळी सात वाजता दोन्ही पाळ्यांचे ट्रे एका टेबलावर आणायचे आणि मी, मेस्त्री आणि त्या मशीनचा माणूस दहा मिनिटं बघायचं.

पहिला आठवडा ट्रे रिकामे. मला माहीत होतं की हे खरं नाही. लोकांचाही दोष नव्हता. ज्या बाईनं एप्रिलमध्ये पगार कापला, तिच्या ऑक्टोबरमधल्या शब्दावर विश्वास कुणी का ठेवावा? मी तोंडानं कितीही सांगितलं तरी ते पुरणार नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी मी सातला पोचले तर मेस्त्रींच्या ट्रेमध्ये एक पीस. खडूनं लिहिलेलं: 'जॉ नीट पुसला नाही. चुरा अडकला. पीस तिरका बसला.' जॉ म्हणजे पीस पकडणारा मशीनचा जबडा. तीस वर्षं काम केलेल्या माणसाची, कालच्या पोरानं करावी तशी चूक. टेबलाभोवती सगळे उभे. माझ्याकडं बघत होते. मी विचारलं, "चुरा काढायला हवेची नळी तिथपर्यंत पोचते का?" मेस्त्री म्हणाले, "न्हाई. दोन मशिनला मिळून एकच हाय. मागून आणाय लागती." त्याच दिवशी तीन नव्या नळ्या आणल्या.

पुढच्या सकाळी चार ट्रेमध्ये पीस होते.

मेस्त्रींनी तो पीस मुद्दाम बिघडवला होता का, असं मला आजही कधीकधी वाटतं. मी विचारलेलं नाही.

नोव्हेंबरचा आकडा आला, एकसष्ट. आमचे अकाउंटंट काका घाबरले. "ताई, नोटीस होती तेव्हा बरं होतं." कागदावर खरंच तसं दिसत होतं. फाउंड्रीला मी स्वतः जाऊन सांगितलं, की आकडा वाढलाय कारण आता आम्ही तो लपवत नाही, मला मार्चपर्यंत वेळ द्या. पोटात गोळा आला होता. त्या महिन्याच्या डेबिट नोटेचे ३१,७२० रुपये मी माझ्या पतसंस्थेच्या ठेवीतून भरले, कारण खात्यात तेवढे नव्हते.

पण त्या एकसष्ट पीसवर एकसष्ट कारणं लिहिलेली होती. ती वहीत उतरवली तर त्यातली चोवीस एकाच जातीची निघाली: धार बदलल्यावर ऑफसेट राहिला. मग साडेतीनला पाळी बदलताना पंधरा मिनिटांचा ओव्हरलॅप ठेवला. रात्रीच्या माणसानं शेवटचा ऑफसेट मशीनच्या दारावरच्या पाटीवर लिहायचा. त्या पंधरा मिनिटांचा पगार दोघांनाही. मार्च २०१९ मध्ये आकडा चौदावर आला. आता महिन्याला पाच ते आठ असतात.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मला वाटलं, आता लोक मनानं काम करतायत तर त्यांना त्याचे पैसेही मिळावेत. पाळीत शंभरच्या वर जेवढे पीस निघतील त्याला प्रत्येकी तीन रुपये, अशी योजना काढली. दोन महिन्यांत पोरांनी फीड, म्हणजे टूल पुढं सरकण्याचा वेग, १२० टक्क्यांवर नेऊन ठेवला. टूल तुटायला लागली, फिनिश खराब झाली. मशीन सेट करून देणाऱ्या मेस्त्रींना त्यातलं काहीच मिळत नव्हतं, कारण त्यांच्या नावावर पीस पडत नाहीत. पीस आणून देणाऱ्या हेल्परला तर त्याहून नाही. ज्याचं काम मोजता येतं त्यालाच पैसे मिळणार, असं मी पुन्हा एकदा करून बसले होते.

ती योजना बंद केली आणि नव्यानं काय करावं हे सगळ्यांना विचारलं. शेवटी ठरलं ते असं: जुन्या सरासरीपेक्षा डेबिट नोट जेवढी कमी, त्यातली निम्मी रक्कम शॉपची. वाटायची कशी, यावर तासभर वाद झाला. मला वाटलं होतं ऑपरेटर जास्त वाटा मागतील. आमच्याकडं एक वयस्क काका आहेत, कूलंटच्या, म्हणजे कापताना सोडायच्या थंडाव्याच्या पाण्याच्या, टाकीतला बिडाचा गाळ काढायचं काम त्यांचं. ते कोपऱ्यात गप्प उभे होते. त्या रात्री माझ्यासमोर कप घेऊन उभा राहिलेला पोरगाच म्हणाला, "काकांनी गाळ काढला न्हाई तर कूलंट वास मारतंय, हाताला खाज सुटती, दोन दिवस मशीन धरवत न्हाई. त्यांचा वाटा आमच्याएवढाच." तेव्हापासून सोळा समान वाटे पडतात. रक्कम मोठी नसते, महिन्याला माणशी पाच-सहाशे रुपये. पण त्या दिवशी काकांचा चेहरा मी बघितला होता.

याच काळात महिन्याचा उत्कृष्ट कामगार असा फोटोही मी भिंतीवर लावला होता. ज्याचा फोटो लागला त्याला जेवणाच्या सुट्टीत बाकीचे "साहेब" म्हणून चिडवायला लागले. आठवड्यानं तो स्वतःच येऊन म्हणाला, ताई, तेवढा फोटो काढा. काढला.

रजेचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आमचे दहा-अकरा जण आजूबाजूच्या गावांतले आहेत. सकाळी डेअरीला दूध घालून कामावर येतात. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आगेमागे भातकापणी, चैत्रात जोतिबाची यात्रा. मी पूर्ण हजेरीचं बक्षीस ठेवलं होतं, म्हणजे शेती असणाऱ्या माणसाला ते कधीच मिळणार नव्हतं आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. परिणाम असा, की एक रजा पडली की तो म्हणायचा, बक्षीस तर गेलंच, मग आणखी दोन घेऊ. आणि रजा सांगून न घेता आजारी पडून घ्यायचे, कारण सांगितलं तर मी तोंड वाकडं करायचे. बक्षीस रद्द केलं. भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावलं आणि ज्यानं त्यानं आपल्या पेरणी-कापणीच्या तारखा आधीच लिहायच्या, एका मशीनवरचे दोघं एकाच वेळी जाणार नाहीत हे आपसात बघायचं, असं सांगितलं. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. दोघांची तारीख एकच आली तर कधी कधी एक जण दुसऱ्याच्या शेतावर कापणीला जातो आणि काम दोन दिवस आधी उरकतो. हे मला कुठल्याही नियमानं करून घेता आलं नसतं.

पगार सात तारखेला. कायदाही तेच सांगतो. पण फाउंड्रीकडून पैसे यायला साठ-सत्तर दिवस लागतात. लघुउद्योगाला पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत असं २००६ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. ते दाखवून भांडायची ताकद सोळा माणसांच्या शॉपमध्ये नसते. ओव्हरड्राफ्टवर व्याज भरून मी सात तारीख पाळते. २०१९ पासून ती एकदाच चुकली, लॉकडाऊनमध्ये, आणि तेव्हा पाच तारखेलाच प्रत्येकाला फोन करून किती आणि कधी देता येईल ते सांगितलं होतं. माणसाच्या घरातला हप्ता, पोराची फी, किराणा, सगळं त्या तारखेला बांधलेलं असतं. ती तारीख डळमळीत ठेवून त्याला आपुलकीनं काम कर म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, शॉप बंद. आमचे तिघं चिखली-आंबेवाडीकडचे. त्यांची घरं पाण्यात, जनावरं सोडून दिलेली. पाणी ओसरल्यावर शॉप सुरू झालं तेव्हा ते तिघं येऊ शकणार नव्हते, घरातला चिखल काढायला महिना जाणार होता. मी त्यांच्या पगाराचं काय करायचं या विचारात होते. मेस्त्री बाकीच्यांना घेऊन ऑफिसात आले. "ताई, त्या तिघांची मशिनं आम्ही चालवतो. रोज दोन-दोन तास वाढवून. ओव्हरटाइम नगं. त्यांचा पगार त्यांना पोचवा." मी ओव्हरटाइम दिलाच, दुप्पट दरानं, द्यायलाच हवा होता. त्या तिघांचा पगारही दिला. त्या महिन्यात शॉपला तोटा झाला. एकही ऑर्डर चुकली नाही.

आणि एक गोष्ट जी मी फार उशिरा केली. एक चांगला ऑपरेटर दारू पिऊन यायला लागला. हातात कला होती, घरी दोन लहान मुली. मी त्याला सहा महिने सांभाळलं. समजावलं, पगार बायकोच्या हातात दिला, डॉक्टरकडं पाठवलं. मला वाटत होतं मी माणुसकीनं वागतेय. एक दिवस मेस्त्री म्हणाले, "तुम्ही त्याला सांभाळताय, बरं हाय. पर रात्री त्याच्या मशीनवर कोण उभं राहतंय, ते बघितलंय का?" बघितलं नव्हतं. त्याच्या पाळीत शेजारचा एकवीस वर्षांचा पोरगा दोन मशिनं चालवत होता, त्याचे पीस तपासत होता आणि तक्रार करत नव्हता, कारण सगळ्यांना वाटत होतं की तो पिणारा ऑपरेटर माझा लाडका आहे. पीस धरून गरगर फिरणाऱ्या चकसमोर झोकांड्या खाणारा माणूस उभा करणं हा बाकीच्यांच्या जिवाशी खेळ होता. मी त्याचा हिशेब चुकता केला. ग्रॅच्युइटीचे पैसे बायकोच्या खात्यावर टाकले. पुढं त्याचं व्यसन सुटलं असं मी लिहू शकले असते तर फार बरं वाटलं असतं. तसं झालेलं नाही. त्याची बायको मात्र आता आमच्याकडं पॅकिंग आणि इन्स्पेक्शनला आहे, आणि गेज तिच्या हातात माझ्यापेक्षा हलका चालतो.

चांगली माणसं सोडूनही जातात. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्या आमच्यापेक्षा तीन-चार हजार जास्त देतात. पहिला गेला तेव्हा मी दुखावले, पगार वाढवून देते म्हणून अडवलं. तो दोन महिने थांबला आणि मग गेलाच. आता कुणी सांगितलं की मी विचारते, तुझ्या जागी येणाऱ्याला किती दिवस शिकवशील? बहुतेक जण महिनाभर शिकवून जातात.

गेल्या पावसाळ्यात असाच एक नवा पोरगा आला. आयटीआय टर्नर, वय वीस, पन्हाळ्याकडच्या वाडीतला. कुणाकडं मान वर करून बघायचा नाही. तीन महिने झाले असतील. रात्री पावणेअकराला माझा फोन वाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे पीस जायचे होते, हे त्याला माहीत होतं.

"ताई, दोन पीस गेलं. मी मशीन बंद केलंय."

मागून दुसऱ्या मशीनचा आवाज येत होता.

"बाकीचे तपासलेस?"

"तपासतोय. मागचं वीस बघितलं, बरोबर हाईत. पर मला कळंना झालंय, पुढं चालू करू का नको. डिलिव्हरी हाय उद्या."

"बंदच ठेव. मेस्त्री सातला येतील. फाउंड्रीला मी फोन करते."

"बरं." थोडा वेळ तो काही बोलला नाही, फोनही ठेवला नाही.

"जेवलास काय?" मी विचारलं.

"न्हाई अजून."

"मग आधी जेव."

सकाळी पोचले तर लाल ट्रेमध्ये दोन पीस पुसून, शेजारी शेजारी ठेवलेले. वर खडूनं मोठ्या, शाळेतल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं: 'धार बदलली. ऑफसेट शून्य करायचा राहिला.' आणि खाली, कुणी सांगितलेलं नसताना, त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं.